जर्मनच्या भांड्याची रीत

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. शिकलेलं विज्ञान घरी उपयोगी पडलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून मी आज स्वयंपाकघरातला विषय निवडला आहे. ॲल्युमिनिअमची भांडी, म्हणजे खेड्यापाड्यांत ज्यांना आपण जर्मनची भांडी म्हणतो, ती घासायची कशी आणि वापरायची कशी, याबद्दल मी बोलणार आहे. व्याख्यानासाठी हा विषय लहान आहे, असं मला वाटत नाही. असंख्य घरांतला भात, दूध, चहा आणि भाजी रोज या धातूत शिजते. आश्रमशाळेतल्या मुलांचं जेवण याच धातूत होतं. त्याच्याविषयी आपल्याकडे भीती भरपूर आहे आणि माहिती फार थोडी आहे.

आपल्या स्वयंपाकघरात प्रत्येक भांड्याची एक रीत होती. पितळेच्या पातेल्याला अधूनमधून कल्हई लागायची. कल्हईवाला दारात भाता मांडायचा आणि नवसागर व कथील वापरून पातेलं आतून पांढरं करून द्यायचा. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं तर ते कळकतं, हे घरातल्या मुलींना लहानपणापासून ठाऊक असायचं. लोखंडी कढई धुतली की लगेच पुसायची आणि तिच्यावरून तेलाचा हात फिरवायचा. लोणचं धातूच्या भांड्यात घालायचं नाही, त्याला चिनीमातीची बरणीच हवी. या रीती कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या. बायकांच्या कित्येक पिढ्यांनी बघून, चाखून, बिघडलेलं टाकून देऊन त्या बसवल्या होत्या.

ॲल्युमिनिअम या घरात उशिरा आलं. ते स्वस्त म्हणून आलं, आणि त्याची स्वतःची रीत बसण्याआधीच घरभर पसरलं. मग आपण त्याला पितळेचीच रीत लावली. राख घ्या, जोर लावा, आरशासारखं चकचकीत करा. पितळेला ते मानवतं, ॲल्युमिनिअमला मानवत नाही. या धातूची स्वतःची रीत आहे. ती सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. ती काय आहे आणि तशीच का आहे, हे मला आज सांगायचं आहे.

आधी या धातूची थोडी ओळख करून घेऊ. पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे 8 टक्के ॲल्युमिनिअम आहे. ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्यानंतर त्याचाच क्रमांक लागतो. पण ते मोकळं सापडत नाही. मातीत आणि दगडात ते ऑक्सिजनला इतकं घट्ट धरून बसलेलं असतं, की माणसाला ते वेगळं काढायला फार काळ लागला. 1825 मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी ते पहिल्यांदा अशुद्ध रूपात वेगळं केलं. त्यानंतर कित्येक वर्षं ते चांदीपेक्षा महाग होतं. 1886 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांचा काही पत्ता नसताना, विजेच्या साहाय्यानं ॲल्युमिनिअम काढण्याची एकच पद्धत शोधली. दोघंही 1863 साली जन्मलेले, म्हणजे तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे. भाव कोसळले आणि राजघराण्यातली वस्तू बाजारात आली.

भारतात ही भांडी बनवण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी मद्रासमध्ये झाली. तिथल्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अभियंत्यानं 1898 च्या सुमारास हा उद्योग उभा केला. या धातूचं खनिज बॉक्साइट. ते आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरही आहे. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीची बॉक्साइटची खाण अनेकांना माहीत असेल. तिथलं खनिज बेळगावच्या कारखान्यात जातं.

हा धातू गोरगरिबांच्या घरात टिकला, त्याला सबळ कारणं आहेत. तो पोलादाच्या जवळजवळ एक-तृतीयांश वजनाचा आहे. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये संसार भरायचा असतो, दिंडीच्या ट्रकमध्ये शेकडो माणसांच्या जेवणाची पातेली चढवायची-उतरवायची असतात. तिथे वजनाला महत्त्व असतं. दुसरं कारण उष्णतेचं. स्टेनलेस स्टीलच्या मानानं ॲल्युमिनिअममधून उष्णता सुमारे पंधरापट सहज वाहते. म्हणून जाड ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात आच सगळीकडे सारखी लागते, दूध एकाच जागी करपत नाही, सरपण आणि गॅस वाचतो. स्टीलच्या चांगल्या भांड्यांच्या बुडात कारखानदार ॲल्युमिनिअमची चकती घालतात, ती याचसाठी. ‘ही भांडी फेकून द्या’ असा सल्ला देणाऱ्यांनी हे गुण लक्षात घेतले पाहिजेत.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येते. ॲल्युमिनिअम मुळात फार चंचल धातू आहे. उघडा पडला की तो हवेतल्या ऑक्सिजनशी तत्क्षणी संयोग पावतो. मग तो लोखंडासारखा गंजून संपत का नाही? कारण संयोगातून तयार झालेलं ऑक्साइड त्याच्या अंगाला घट्ट चिकटून बसतं आणि आतल्या धातूपर्यंत हवा पोचू देत नाही. हा थर अतिशय पातळ असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या तीन-चार भागांएवढा, म्हणजे तीन-चार नॅनोमीटर. जखमेवर खपली धरावी तसा तो धरतो, आणि ओरखडा पडला तर पुन्हा धरतो. आपण जेवतो ते अन्न खरं म्हणजे ॲल्युमिनिअमला लागत नाही, या थराला लागतं. हा थर शाबूत असेपर्यंत भांडं सुरक्षित आहे आणि अन्नही.

हा थर कशानं जातो? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘उभयधर्मी ऑक्साइड’ हा शब्द येतो. जे ऑक्साइड आम्लातही विरघळतं आणि आम्लारीतही, ते उभयधर्मी. ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड तसं आहे. रसायनशास्त्रात आंबटपणा आणि क्षारपणा मोजण्यासाठी सामू वापरतात. शुद्ध पाण्याचा सामू 7. त्याखाली उतरलं की आम्ल, वर गेलं की आम्लारी. साधारण 4 पासून साडेआठपर्यंतच्या पट्ट्यात हा थर टिकून राहतो. त्या पट्ट्याच्या बाहेर, दोन्ही बाजूंना, तो विरघळू लागतो. भात, दूध, डाळ, बटाटा हे सगळे पट्ट्याच्या आत आहेत. चिंच, आमसूल, लिंबू, व्हिनेगर हे खालच्या बाजूला बाहेर पडतात, टोमॅटो आणि आंबट ताक अगदी सीमेवर असतात. राख, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा हे वरच्या बाजूला बाहेर पडतात. तिसरा शत्रू मीठ. मीठ थर विरघळवत नाही, पण खारट ओलावा तासन्‌तास एका जागी राहिला, तर मिठातला क्लोराइड त्या थराला जागोजागी भोकं पाडतो. जुन्या पातेल्याच्या तळाशी सुईनं टोचल्यासारखे काळपट खड्डे दिसतात, ते त्यातूनच होतात.

म्हणजे शत्रू तीन: आंबट, खारट आणि राख-सोडा. पहिले दोन अन्नातून येतात, तिसरा घासण्यातून. घासण्यापासून सुरुवात करू, कारण नुकसान बहुधा तिथेच होतं.

पितळ घासताना आपल्याला वरचा काळा थर काढायचा असतो, म्हणून राख आणि चिंच चालते. ॲल्युमिनिअमचा मंद, पांढुरका थर मात्र काढायचा नसतो, राखायचा असतो. ओली राख तीव्र आम्लारी असते. ती थर विरघळवते, आणि तिच्यातले खरखरीत कण वरून धातू खरवडतात. तारेची घासणी हेच काम आणखी जोरानं करते. घासून निघालेलं काळं पाणी आपण ‘मळ निघाला’ म्हणून समाधानानं बघतो. त्या काळ्या पाण्यात धातूचा बारीक चुरा असतो. भांडं रोज थोडं थोडं झिजतं, त्याचा तळ पातळ होतो, ओरखड्यांत खरकटं अडकू लागतं, आणि पुढच्या वेळी अन्न जास्त करपतं. चकचकीत पातेलं म्हणजे नुकतंच सोललेलं पातेलं. चकाकी हे या धातूच्या स्वच्छतेचं माप नाही. खरकटं राहिलेलं नाही, तेलकटपणा नाही, वास नाही आणि भांडं कोरडं आहे, एवढं झालं की ते स्वच्छ आहे, मग ते कितीही मंद दिसो.

रोजच्या घासण्याला कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण किंवा लिक्विड, आणि मऊ घासणी पुरे. नारळाची शेंडी किंवा दोडक्याची वाळलेली जाळीही चालते. जेवण झाल्यावर भांडं रिकामं करून लगेच पाणी घालून ठेवलं, तर जोर लावावा लागत नाही. धुतल्यावर ते पुसून किंवा पालथं घालून पूर्ण वाळवावं. ओली भांडी एकात एक घालून ठेवू नयेत, विशेषतः तांब्या-पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांना चिकटून तर नाहीच. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओलावा असला की तिथे विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो, आणि झिजतं ते ॲल्युमिनिअम. आमटीच्या पातेल्यात रात्रभर स्टीलचा डाव ठेवला, की डाव टेकलेल्या जागी खड्डे पडतात, त्याचं कारण हेच.

भांडं करपलं, तर खरवडू नका. करपलेला भाग बुडेल इतकं पाणी आणि थोडं लिक्विड घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्या, निवू द्या, आणि लाकडी उलथन्यानं हलकेच सोडवा. एका वेळी नाही निघालं तर पुन्हा उकळा. खायचा सोडा सौम्य असतो, चिमूटभर चालेल, पण तो घालून भांडं रात्रभर ठेवू नये. धुण्याचा सोडा अजिबात नको. नळी साफ करण्याच्या कॉस्टिकचा तर या धातूशी संबंधच येऊ देऊ नका. कॉस्टिक आणि ॲल्युमिनिअम यांच्या संयोगातून उष्णता आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. भांडी धुण्याच्या यंत्रांची पावडरही तीव्र आम्लारी असते. परदेशातल्या आणि आता आपल्याकडच्याही अनेक घरांत कुकर त्या यंत्रात जातो आणि काळाकुट्ट, भुकटी सुटलेला बाहेर येतो. साधी ॲल्युमिनिअमची भांडी यंत्रात घालू नयेत.

कुकर आतून काळा पडतो, याची तक्रार घराघरांत आहे. बोअरच्या किंवा जड पाण्यात विरघळलेले क्षार उकळताना पाणी आम्लारी करतात. त्यामुळे ऑक्साइडचा थर जाड आणि सच्छिद्र होतो आणि पाण्यातली लोहासारखी खनिजं त्यात अडकतात. तोच काळा रंग. तो विषारी नाही, आणि त्यासाठी तारेची घासणी घ्यायची गरज नाही. आपल्या घरांत कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बोटूक टाकायची पद्धत आहे. ती रसायनशास्त्राला धरूनच आहे. तेवढं आम्ल पाण्याचा आम्लारीपणा मारतं आणि काळा थर धरत नाही. अन्न आतल्या स्टीलच्या डब्यात असल्यानं त्या पाण्याचा त्याला स्पर्श होत नाही. ते पाणी मात्र नंतर फेकून द्यायचं, आमटीत वापरायचं नाही. आधीच काळा पडलेला कुकर साफ करायचा असेल, तर लिंबाच्या साली किंवा थोडी चिंच घालून पाणी पंधरा मिनिटं उकळावं, ओतून द्यावं आणि साबणानं धुवावं. अशानं संरक्षक थराचा काही भागही जातो, म्हणून हा उपाय कधीतरीच करावा, आणि केल्यावर एकदा साधं पाणी उकळून ओतून द्यावं, म्हणजे थर पुन्हा धरतो.

नव्या भांड्यालाही हाच संस्कार लागतो. बाजारातून आणलेलं भांडं आधी साबणाच्या गरम पाण्यानं धुवावं, कारण कारखान्यातलं तेल आणि पॉलिशची पूड त्याला चिकटलेली असते. मग त्यात दोन-तीन वेळा काठोकाठ पाणी भरून चांगलं उकळावं आणि दर वेळी ते फेकून द्यावं. उकळत्या पाण्यात ऑक्साइडचा थर जाड होतो. भांडं थोडं मंद दिसू लागेल. तो मंदपणा राहू द्या.

चुलीवर स्वयंपाक होतो तिथे बाहेरची काजळी हा मोठा प्रश्न असतो. भांडं चुलीवर चढवण्यापूर्वी बुडाला बाहेरून चिकणमातीचा पातळ हात दिला, तर काजळी मातीबरोबर सुटून येते आणि राखेनं घासायची वेळ येत नाही. बाहेरची काजळी जेवणात उतरत नाही. ती अगदी पूर्ण निघालीच पाहिजे, असा हट्ट नको.

आता अन्नाकडे. भात, खिचडी, दूध, चहा, उकडलेले बटाटे, उसळी, पिठलं यांना ॲल्युमिनिअमचं भांडं चालतं. आमसुलाचं सार, टोमॅटोचं सार, चिंच-गुळाची आमटी, पंचामृत, कढी, अळूचं फदफदं, कोकम घातलेलं माशाचं कालवण यांना साधं ॲल्युमिनिअम नको. तिथे स्टील, कल्हई केलेलं पितळ किंवा मातीचं भांडं घ्या. गोव्या-कोकणात रोजच्या जेवणात आमसूल, बिंबल आणि व्हिनेगर असतं, तिथे हे जास्तच पाळलं पाहिजे. घरात एकच पातेलं असेल तर काय करायचं, असं विचाराल. तर आंबट शेवटी घाला. डाळ-भाजी शिजल्यावर आच बंद करायच्या जरा आधी चिंचेचा कोळ घाला, आणि शिजलं की दुसऱ्या भांड्यात काढा.

कारण शिजवण्यापेक्षा साठवण्यानं जास्त नुकसान होतं. जर्मनीच्या केंद्रीय जोखीम-मूल्यमापन संस्थेनं 2017 मध्ये लेप नसलेल्या ॲल्युमिनिअमच्या तबकांत आंबवलेल्या कोबीचा रस, सफरचंदाचा गर आणि टोमॅटोचा गर ठेवून पाहिला. युरोपीय मार्गदर्शक मर्यादा एका किलो अन्नात 5 मिलिग्रॅम ॲल्युमिनिअम एवढी आहे. या तिन्ही आंबट पदार्थांत ती बरीच ओलांडली गेली. आपल्या खानावळींत, वसतिगृहांत, लग्नाच्या मांडवात रस्सा आणि सांबार याच धातूच्या मोठ्या टोपात तासन्‌तास गरम राहतं. तिथे नियम एकच हवा: टोपात शिजवा, स्टीलमध्ये ठेवा. दही याच्यात विरजू नये, ताक ठेवू नये, लोणचं आणि खारवलेल्या कैऱ्या तर मुळीच नाहीत. ॲल्युमिनिअमच्या कागदात पोळी बांधायला हरकत नाही, पण लिंबाची फोड किंवा लोणच्याची फोड त्यात गुंडाळू नये.

बाजारात आता काळपट राखाडी, ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ भांडी मिळतात. त्यात नवा धातू काही नाही. ॲल्युमिनिअम आम्लाच्या द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडतात, आणि निसर्गानं जो थर नॅनोमीटरमध्ये दिला तो कित्येक मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे हजारो पट, जाड आणि टणक करतात. अशा भांड्यात टोमॅटोची भाजी करायला हरकत नाही. पण तारेची घासणी आणि तीव्र सोडा त्यालाही नकोच.

आता भीतीविषयी. ॲल्युमिनिअमच्या भांड्यानं स्मृतिभ्रंश होतो, इंग्रजांनी कैद्यांना खंगवण्यासाठी तुरुंगात हीच भांडी दिली, असे संदेश आपल्या फोनवर फिरत असतात. तुरुंगाच्या गोष्टीला पुरावा म्हणून कुणी एखादा कागद दाखवत नाही, आणि त्याच काळात युरोप-अमेरिकेतल्या घरांतही हीच भांडी हौसेनं विकत घेतली जात होती. स्मृतिभ्रंशाची शंका मात्र संशोधनातून आली होती, म्हणून तिचं उत्तर नीट दिलं पाहिजे. 1965 मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनिअमचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत गुंते झालेले दिसले. पुढे ते गुंते अल्झायमरच्या गुंत्यांपेक्षा रचनेनं वेगळे असल्याचं आढळलं. त्यानंतर कित्येक दशकं अभ्यास झाले, पण स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो, असं सिद्ध झालेलं नाही.

याचा अर्थ ॲल्युमिनिअम शरीरात कितीही गेलं तरी चालतं, असा नाही. 1970 च्या दशकात डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना मेंदूचा एक भयंकर विकार होऊ लागला. 1976 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. अल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागे ॲल्युमिनिअम असल्याचं दाखवून दिलं. डायलिसिसच्या पाण्यातून आणि औषधांतून ते रुग्णांच्या शरीरात साठत होतं आणि निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नव्हतं. निरोगी माणसाच्या बाबतीत अन्नातल्या ॲल्युमिनिअमचा हजारातला जेमतेम एखादा भाग रक्तात जातो, आणि मूत्रपिंड त्यातलं बहुतेक बाहेर टाकतं. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आंबट पदार्थ ॲल्युमिनिअममध्ये शिजवणं पूर्ण टाळावं आणि आम्लपित्ताची औषधंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांतल्या अनेक औषधांत ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड असतं, आणि एका मात्रेत शेकडो मिलिग्रॅम ॲल्युमिनिअम जाऊ शकतं.

मर्यादा किती? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2008 मध्ये आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं 2011 मध्ये ती 2 मिलिग्रॅम ठेवली. साठ किलोच्या माणसाला म्हणजे आठवड्याला 60 ते 120 मिलिग्रॅम. यात फक्त भांडं येत नाही. चहाचं झुडूप मातीतून ॲल्युमिनिअम शोषून पानांत साठवतं, त्यामुळे स्टीलच्या पातेल्यात केलेल्या चहातही ते असतं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण जी तुरटी फिरवतो, तीही ॲल्युमिनिअमचाच क्षार आहे. मुलांचं वजन कमी, म्हणून त्यांची मर्यादाही कमी. लहान मुलांचं जेवण जिथे शिजतं तिथे आंबटाची आणि साठवणीची रीत काटेकोर पाळायची, ती यासाठी.

इतकं सांगितल्यावर मला ज्याची खरी काळजी वाटते, त्याकडे येते. तो धोका शिशाचा आहे. शुद्ध ॲल्युमिनिअमच्या पत्र्यापासून दाबून केलेलं भांडं वेगळं, आणि भंगार वितळवून साच्यात ओतलेलं भांडं वेगळं. त्या भंगारात गाड्यांचे सुटे भाग, रेडिएटर, विजेच्या वस्तू असं काहीही मिसळलेलं असू शकतं, आणि त्यातून शिसं येतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा विकसनशील देशांतली अशी 42 भांडी तपासली. त्यातल्या सुमारे एक-तृतीयांश भांड्यांतून शिसं धोकादायक प्रमाणात सुटत होतं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, शिसं सुटणाऱ्या आयात भांड्यांबाबत इशारा दिला, त्यात भारतात बनलेली ॲल्युमिनिअमची कढईही होती. इथून मुलांकडे परदेशी जाताना बॅगेत कढई-पातेली घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूवर त्याचा जो परिणाम होतो, तो पुढे भरून निघत नाही. आणि भांड्यात शिसं आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही, आणि असलं तर ते घासून जात नाही.

इथे रीत घरात पाळून भागत नाही, ती खरेदीच्या वेळी पाळावी लागते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ॲल्युमिनिअमच्या भांड्यांसाठी धातूच्या रासायनिक घटकांचं भारतीय मानक आधीपासून घालून दिलेलं आहे. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं स्टील आणि ॲल्युमिनिअमच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. पत्र्याच्या ॲल्युमिनिअम भांड्यांचं मानक आयएस 1660, घरगुती प्रेशर कुकरचं आयएस 2347. हे आकडे पाठ करायची गरज नाही. भांड्यावर आयएसआयचं चिन्ह आणि बनवणाऱ्याचं नाव आहे का, एवढं बघा. आठवडी बाजारात वजनावर मिळणारं, नाव-गाव नसलेलं, जाड ओतीव भांडं कितीही स्वस्त असलं तरी मुलांच्या जेवणासाठी घेऊ नका. आणि ज्यांच्या हातात आश्रमशाळा, अंगणवाड्या, शालेय पोषण आहार यांची खरेदी आहे, त्यांनी निविदेत ही अट लिहावी आणि माल आल्यावर तपासावी.

भांडं कधी बाद करायचं, हेही ठरलेलं असावं. तळाशी खोल खड्डे पडले, बूड पातळ होऊन डगमगू लागलं, आतून भुकटी सुटू लागली, तर ते भंगारात द्यावं. कुकरच्या आत खड्डे पडले असतील तर थांबू नये, कारण तिथे वाफेच्या दाबाचा प्रश्न आहे. ॲल्युमिनिअम पुन्हा वितळवून वापरायला, खनिजापासून नवं बनवण्याच्या मानानं सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते. पण ते भंगार निवडून, वेगळं करून वितळवलं गेलं तरच त्याची भांडी व्हावीत. शिशाचा धोका जिथून सुरू होतो ती जागा भंगाराच्या वर्गवारीची आहे, आणि तिथे सरकारी देखरेख वाढली पाहिजे.

श्रोतेहो, पितळेची रीत बसायला शेकडो वर्षं लागली. ॲल्युमिनिअमची रीत आपल्याला एका पिढीत बसवता येईल, कारण तिचं शास्त्र शाळेतच शिकवलं जातं. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आम्ल, आम्लारी आणि उभयधर्मी ऑक्साइड शिकवताना शिक्षकांनी एक पातेलं वर्गात न्यावं, थोडी राख न्यावी, थोडी चिंच न्यावी, आणि काय होतं ते दाखवावं. ती मुलं घरी जाऊन सांगतील. आणि एक विनंती घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पुरुषांना आहे. चकाकीचं हे खोटं माप भांडी घासणाऱ्या बाईला लावलं जातं. घरातली सून असो की कामाला येणारी बाई असो, पातेलं लखलखलं नाही तर बोल तिला बसतो, आणि त्या बोलण्याच्या धाकानं ती राख आणि तारेची घासणी हातात घेते. तिचे हात सोलवटतात आणि भांड्यावरचा थर जातो. उद्यापासून भांडं मंद दिसलं तर तिला बोलू नका. ते स्वच्छ आहे ना, कोरडं आहे ना, एवढंच बघा. ही रीत घरात खरोखर बसायची असेल, तर तिची सुरुवात या न बोलण्यापासून करावी लागेल.